डाइव्ह लाइटच्या हाउसिंगसाठी प्लास्टिक कसं निवडायचं

डाइव्ह लाइटची, म्हणजे पाण्याखाली न्यायच्या दिव्याची, हाउसिंग (पाणी आत येऊ न देणारी बाहेरची बॉडी) स्वतः बनवायची ठरलं की लोक आधी डेटाशीट उघडतात आणि सगळ्यात स्ट्राँग प्लास्टिक कुठलं ते शोधायला लागतात. माझ्या मते सुरुवात तिथून करू नका. हाउसिंग फुटून पाणी आत आलं असं कमी वेळा होतं, जास्त वेळा काय होतं की प्लास्टिक थोडंसं वाकतं, किंवा पाणी पिऊन फुगतं, किंवा उन्हात तापून वाढतं, ओ-रिंगच्या (फट बंद करणाऱ्या गोल रबरी रिंगच्या) खाचेचं माप हलतं आणि तेवढ्या एक-दोन दशांश मिलिमीटरच्या फटीतून पाणी आत शिरतं. म्हणून आधी हे बघायचं की पाण्यात, दाबाखाली आणि गरम-थंड होताना हे मटेरियल आपलं माप किती धरून ठेवतं. ताकद त्यानंतर. लेथवर कधी काम केलं नसेल तरी टर्नरशी (लेथवर कातकाम करणाऱ्याशी) नीट बोलता यावं इतपत सगळं लिहितोय, म्हणजे "काळं प्लास्टिक द्या कुठलंही" असं म्हणायची वेळ येणार नाही.

पायरी १: खोली कागदावर लिहा, मग दुप्पट करा

समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो, आणि १ बार म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरवर १ किलो. हाउसिंग वर हवेत बंद केली की आत वातावरणाचा दाब अडकतो, त्यामुळे भिंतीला सोसायचा असतो तो फक्त पाण्याचा दाब, म्हणजे ४० मीटरला ४ बार. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ५० मिमी व्यासाची लेन्स घ्या, तिचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे ४० मीटरला त्या एवढ्याशा गोल तुकड्यावर ७८ किलो, एक धडधाकट माणूस त्याच्यावर उभा राहिल्यासारखं, आणि १०० मीटरला जवळजवळ २०० किलो.

रिक्रिएशनल डायव्हिंगची नेहमीची मर्यादा ४० मीटर. तेवढंच जाणार असाल तरी डिझाइन ८० मीटरचं करा, आणि मी तर म्हणेन सरळ १०० मीटर धरा, कारण १०० मीटर म्हणजे १० बार म्हणजे १ मेगापास्कल, हिशोब तोंडी करता येतो. खाली सगळी उदाहरणं १०० मीटरचीच आहेत.

पायरी २: उष्णता कुठून बाहेर जाणार ते आधी ठरवा

नवीन माणसाचं लक्ष सगळं पाण्याकडे असतं आणि उष्णता राहून जाते. एलईडीला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होतो, १० वॅटच्या एलईडीत ६-७ वॅट सहज. प्लास्टिकची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ०.२ ते ०.३ वॅट प्रति मीटर केल्विन, आणि ६०६१ या नेहमीच्या ग्रेडच्या ॲल्युमिनियमची सुमारे १६७. आकडा डोक्यात बसावा म्हणून एक हिशोब करून बघा: ८ मिमी जाडीची ॲसिटलची भिंत, एलईडीच्या मागचं क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर, त्यातून ७ वॅट बाहेर काढायचे. आतल्या आणि बाहेरच्या बाजूत सुमारे ६२ डिग्रीचा फरक लागतो! तीच भिंत ॲल्युमिनियमची असेल तर ०.१ डिग्री. म्हणजे बाहेर कितीही गार पाणी असलं तरी प्लास्टिकच्या डोक्यातला एलईडी आतल्या आत भाजत राहणार.

म्हणून जरा मोठा दिवा असेल तर सरळ दोन भाग करा. एलईडीचं डोकं ॲल्युमिनियमचं, ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं, आणि बॅटरीचा डबा प्लास्टिकचा. कॅनिस्टर लाइट अशाच बनतात आणि त्याचं कारण नीट समजून घेतलं तर पुढची अर्धी डोकेदुखी संपते. छोटा, एक-दोन वॅटचा बॅकअप दिवा पूर्ण प्लास्टिकचा चालतो. मधला रस्ता पण आहे, प्लास्टिकच्या बॉडीत ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची चकती बसवायची, तिची एक बाजू एलईडीला आणि दुसरी पाण्याला, पण मग धातू आणि प्लास्टिक यांच्यात आणखी एक सील आलं, आणि दोघं वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पायरी ३: मटेरियल एकेक करून बघा

ॲसिटल. डेलरिन हे त्याचंच एक ब्रँडनेम, पूर्ण नाव पॉलिऑक्सिमेथिलीन, कुठे पीओएम लिहिलेलं दिसेल. बॅटरीच्या डब्यासाठी मी पहिलं नाव हेच घेईन. लेथवर लोण्यासारखं नाही पण फार छान कापलं जातं, फिनिश गुळगुळीत येतं, आटे स्वच्छ पडतात. पाण्यात २४ तासांत फक्त ०.२ ते ०.२५ टक्के पाणी घेतं, महिनोन्‌महिने बुडवून ठेवलं तरी एक टक्क्याच्या आत. टेन्साइल स्ट्रेंथ म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद ६५-७० मेगापास्कल, कडकपणा म्हणजे मॉड्युलस २.८ ते ३.१ गिगापास्कल. घनता १.४१, म्हणजे पाण्यात बुडतं.

आता त्याच्या अडचणी. एक म्हणजे ते कशाला चिकटत नाही, ग्लू विसराच, सगळं काम ओ-रिंग आणि स्क्रूवर. दुसरं, होमोपॉलिमर म्हणजे डेलरिनच्या जाड रॉडच्या बरोबर मध्यभागी बारीक पोकळ्या असू शकतात, कापल्यावर मधोमध पांढुरका, सच्छिद्र ठिपका किंवा रेघ दिसते. रॉडमधून आतून पोकळ डबा कातणार असाल तर ड्रिलने तो भाग निघून जातो, पण तळ? तळ त्याच रॉडचा, आणि त्याच्या मध्यातून पाणी झिरपायला रस्ता राहू शकतो. म्हणून मोठ्या व्यासाला कोपॉलिमर ॲसिटल (ॲसिटलचाच दुसरा प्रकार) मागा, त्यात हा प्रकार बराच कमी, किंवा तळ वेगळा शीटमधून कापून ओ-रिंगने बसवा. तिसरं, पांढरं ॲसिटल उन्हात अतिनील किरणांनी खराब होतं, पृष्ठभाग खडूसारखा होत जातो, काळं जास्त टिकतं. आणि स्विमिंग पूलच्या क्लोरीनमध्ये रोजच्या रोज राहणार असेल तर ॲसिटल, त्यातही होमोपॉलिमर, हळूहळू मार खातं, समुद्रासाठी तो प्रश्न नाही.

पीव्हीसी. कडक पीव्हीसी, पाइपवालं. पाणी जवळपास घेतच नाही, सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप जोडायच्या द्रवाने) मस्त जुळतं, लेथ नसेल तर सुरुवात करायला हेच. टेन्साइल ५० मेगापास्कलच्या आसपास. पण पाइपवर जे प्रेशर रेटिंग छापलेलं असतं ते आतून बाहेर ढकलणाऱ्या दाबाचं असतं, बाहेरून आत दाबणाऱ्या दाबाचं नाही! दोन्हीत पाइप वेगळ्या पद्धतीने निकामी होतो, बाहेरून दाबलं की तो चपटा होऊन बसतो. ते रेटिंग बघून खोली ठरवू नका, हिशोब खाली पायरी ४ मध्ये आहे. दुसरी गोष्ट, ६० डिग्रीच्या आसपास पीव्हीसी मऊ पडायला लागतं आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काळा डबा तेवढा तापू शकतो, एकदा लंबगोल झालेला पाइप परत गोल होत नाही आणि लंबगोल पाइप दाबाला फार लवकर हार मानतो.

ॲक्रिलिक. लेन्स किंवा पारदर्शक झाकणासाठी. ९२ टक्के प्रकाश पार जाऊ देतं, कडक आहे, ओरखडे पॉलिश करून काढता येतात. खोल समुद्रात याचा इतिहास मोठा आहे, १९६० मध्ये मरियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटर खाली गेलेल्या ट्रिएस्ट या खोल समुद्रातल्या पाणबुडीच्या निरीक्षण खिडकीला शंकूच्या आकाराचा ॲक्रिलिकचा जाड ठोकळाच बसवलेला होता. पण ॲक्रिलिक ठिसूळ आहे, कोपऱ्यातून, स्क्रूच्या भोकातून, धारदार खाचेतून तडा सुरू होतो. घेताना कास्ट (साच्यात ओतलेलं) ॲक्रिलिक घ्या, एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) नको, कारण एक्स्ट्रुडेडमध्ये आतला ताण जास्त असतो, कापताना वितळून टूलला चिकटतं आणि सॉल्व्हंट लागला की लगेच बारीक तडे. जिथे हॅलोजन किंवा जोरदार एलईडी अगदी जवळ आहे तिथे ॲक्रिलिक नको, ७०-८० डिग्रीच्या पुढे ते मऊ पडायच्या वाटेला लागतं, तिथे टफन्ड किंवा बोरोसिलिकेट काच लावा.

पॉलिकार्बोनेट. आपटण्याला हे सगळ्यात भारी, बोटीच्या डेकवर पडलं तरी फुटत नाही, उष्णताही १२० डिग्रीच्या आसपासपर्यंत सोसतं. पण ॲक्रिलिकपेक्षा कमी कडक, मॉड्युलस २.३ ते २.४, म्हणजे तेवढ्याच दाबाला जास्त वाकतं, आणि ओरखडे लगेच पडतात. केमिकलच्या बाबतीत फार नाजूक, ते पायरी ७ मध्ये. हातात धरायच्या छोट्या टॉर्चची बॉडी किंवा लेन्स करायला चांगलं.

नायलॉन. इथे थांबा जरा. दुकानात नायलॉनचे रॉड सहज मिळतात, दिसायला ॲसिटलसारखेच, हाताळायला त्याहून चिवट, डेटाशीटवर आकडेही छान. पण तो आकडा कोरड्या नायलॉनचा असतो. नायलॉन ६ पाण्यात पूर्ण मुरलं की वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत पाणी घेतं, नुसत्या दमट हवेतसुद्धा अडीच-तीन टक्के, आणि तेवढं पाणी प्यायल्यावर त्याचा कडकपणा निम्म्याहून खाली येतो आणि माप दोनेक टक्के वाढतं. १०० मिमीच्या बोअरवर (आतल्या गोल भोकावर) दोन टक्के म्हणजे २ मिमी! ओ-रिंग कशाला धरणार मग? जाड भिंतीला इतकं पाणी मुरायला महिने लागतात हे खरं, म्हणूनच फसायला होतं, पहिल्या काही डाइव्ह ठीक जातात आणि पुढच्या सीझनला झाकण बसत नाही. हँडल, क्लिप, केबलची क्लॅम्प असल्या गोष्टींना नायलॉन वापरा, सीलच्या जागी नको.

पीईटी. बाटलीचंच कुटुंब पण मशीनिंगसाठी क्रिस्टलाइन रॉडमध्ये येतं. माप धरून ठेवण्यात ॲसिटलच्या बरोबरीचं किंवा थोडं पुढेच, पाणी मुरून मुरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास. खाचेबिचेला ॲसिटलपेक्षा जरा ठिसूळ, कोपरे गोल ठेवा. मिळालं तर नक्की घ्या.

बाकीचे थोडक्यात. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन मऊ, मॉड्युलस १ गिगापास्कलच्या आसपास, सतत दाबाखाली हळूहळू सरकत जातात, शिवाय चिकटत नाहीत, सोडून द्या. पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन तर त्याहून मऊ, हाउसिंगचं काम त्याचं नाही. पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक सगळ्यात उत्तम पण फार महाग, हौशी दिव्याला त्याची गरज पडत नाही. एबीएस उन्हात खराब होतं, उथळ पाण्याच्या छोट्या दिव्याला ठीक. थ्रीडी प्रिंट केलेल्या बॉडीत थरांच्या मधून पाणी झिरपतं, दिसायला सलग वाटली तरी, त्यामुळे प्रिंटर असेल तर त्यावर आतला बॅटरी होल्डर करा, तिथे तो खरंच कामाला येतो.

पायरी ४: जाडी अंदाजाने ठेवू नका, काढा

दोन आकार असतात, सपाट गोल तुकडा आणि नळी.

सपाट गोल, म्हणजे लेन्स, झाकण, तळ. कडेला नुसता टेकलेला गोल तुकडा असेल तर मध्यभागी ताण साधारण असा: सव्वा गुणिले दाब गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले जाडीचा वर्ग. उलटं फिरवलं तर जाडी = त्रिज्या × वर्गमूळ (१.२५ × दाब ÷ चालणारा ताण). त्रिज्या म्हणजे आधार नसलेल्या भागाची, पूर्ण तुकड्याची नाही. चालणारा ताण म्हणजे डेटाशीटवरची ताकद नव्हे, ॲक्रिलिकला मी १० मेगापास्कल धरतो आणि ॲसिटलला १५, कारण तडे, उष्णता, वय सगळं त्यात यायला हवं.

लेन्स, मोकळा व्यास ५० मिमी, दाब १ मेगापास्कल, ॲक्रिलिक: २५ × वर्गमूळ ०.१२५, येतं ८.८, म्हणजे १० मिमीची शीट घ्या. ॲसिटलचं झाकण, मोकळा व्यास १०० मिमी: ५० गुणिले ०.२९, येतं साडेचौदा, म्हणजे १५-१६ मिमी. नवीन माणूस इथे ६ मिमी लावतो कारण हाताला तेवढंही दगडासारखं लागतं.

आता नुसती ताकद बघून थांबू नका. त्या १५ मिमीच्या झाकणाचा मध्य १०० मीटरला सुमारे ०.४ मिमी आत जातो. तुटत नाही, पण मध्य आत गेला की कड थोडी तिरकी होते, आणि ओ-रिंगची खाच नेमकी कडेला असते. प्लास्टिकचा कडकपणा सतत भाराखाली वेळेनुसार कमी होत जातो, याला क्रीप म्हणतात, त्यामुळे लांब डाइव्हच्या शेवटी हा आकडा सुरुवातीपेक्षा मोठा असतो. ॲल्युमिनियम यापेक्षा वीसेक पट कडक आहे, म्हणून धातूच्या हाउसिंगचं डिझाइन तसंच्या तसं प्लास्टिकमध्ये कॉपी करू नका, अगदी करू नका.

नळी. इथे मजा आहे. आतला व्यास ९० मिमी, भिंत १० मिमी, ॲसिटल: १ मेगापास्कलला आतल्या पृष्ठभागावर ताण फक्त ६ मेगापास्कल, आरामात. भिंत निम्मी केली, ५ मिमी: ताण साडेदहा, अजून ठीक वाटतं ना? पण नळी बाहेरच्या दाबाने ताणामुळे तुटण्याआधी अचानक चपटी होते, आणि त्या चपटं होण्याच्या दाबाचा संबंध जाडी भागिले त्रिज्या याच्या घनाशी असतो. लांब नळी धरली तर १० मिमी भिंतीला तो दाब येतो ६.४ मेगापास्कल, म्हणजे ६०० मीटरच्या वर, आणि ५ मिमी भिंतीला ०.९३, म्हणजे ९३ मीटर. जाडी निम्मी केली, सहनशक्ती सातव्या हिश्श्यावर आली! सूत्र लिहून ठेवा: मॉड्युलस भागिले ४, त्याला भागिले (१ वजा पॉयसन गुणोत्तराचा वर्ग), गुणिले (जाडी ÷ सरासरी त्रिज्या) चा घन. पॉयसन गुणोत्तर म्हणजे मटेरियल एका दिशेने ताणलं की आडवं किती आकसतं त्याचं प्रमाण, प्लास्टिकला ते ०.३५ ते ०.४ धरा.

हेच ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपला लावा, भिंत ४ मिमी: येतात ३७-३८ मीटर. आणि हे पाइप अगदी गोल आहे असं धरून, जो तो कधीच नसतो. डबा आखूड असेल तर दोन्ही टोकांची झाकणं आधार देतात आणि खरी ताकद यापेक्षा जास्त असते, पण त्या जास्तीच्या भरवशावर मी तरी डिझाइन करणार नाही, ती गंगाजळीत राहू द्या. पातळ पाइपच वापरायचा असेल तर आत थोड्या थोड्या अंतरावर घट्ट बसणाऱ्या रिंगा सिमेंट करा, खूप फरक पडतो.

पायरी ५: ओ-रिंग आणि झाकण

सील दोन प्रकारचं. फेस सील म्हणजे झाकण वरून टेकतं आणि ओ-रिंग सपाट पृष्ठभागात दबते, रेडियल म्हणजे झाकण बुचासारखं आत जातं आणि ओ-रिंग बाजूने दबते. फेस सीलची गंमत म्हणजे खोल गेल्यावर पाण्याचा दाबच झाकण आणखी घट्ट बसवतो, त्यामुळे ते बरेचदा पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये लीक होतं, जिथे दाब नाही आणि लॅच (झाकण आवळायची कडी) ढिली आहे. किनाऱ्यालगत उतरतानाच दिवा नीट बघा.

ओ-रिंग साधारण १५ ते २५ टक्के दबली पाहिजे, नायट्राइल रबराची, ७० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप) घ्या, आणि प्लास्टिकच्या हाउसिंगला जाड घ्या, ३-४ मिमी जाडीची. कारण प्लास्टिक हलतं आणि जाड ओ-रिंग ते हलणं पोटात घालते. उदाहरण देतो. ॲसिटल दर डिग्रीला दर मीटरला साधारण ११० मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम २३, ॲक्रिलिक आणि पीव्हीसी ७० च्या आसपास. १०० मिमीचं ॲसिटलचं बूच ॲल्युमिनियमच्या नळीत बसवलंय, डेकवर ४५ डिग्री, पाण्यात १५. बूच आकसलं ०.३३ मिमी, नळी फक्त ०.०७, म्हणजे व्यासात ०.२६ चा आणि एका बाजूला ०.१३ चा फरक पडला. ३ मिमीच्या ओ-रिंगचा २० टक्के दाब म्हणजे ०.६ मिमी, त्यातले ०.१३ गेले तरी ०.४७ उरतात, चालतं. पण १.५ मिमीची बारीक ओ-रिंग असेल तर तिचा सगळा दाबच ०.३ चा, त्यातले ०.१३ गेले, वर टर्नरकडून राहिलेला फरक गेला, हातात काय राहिलं? उलट्या रचनेत, म्हणजे ॲसिटलच्या डब्यात ॲल्युमिनियमचं बूच, गार पाण्यात डबा बुचावर आवळतो, लीक होत नाही पण फट फार कमी ठेवली असेल तर झाकण उघडता उघडत नाही.

मटेरियल दोन्हीकडे एकच ठेवलं तर हा सगळा प्रश्न जातो. जमत असेल तर तेच करा.

स्क्रूबद्दल: प्लास्टिकमध्ये थेट बारीक आटे पाडू नका, रोज उघडायच्या जागी तर नाहीच, पितळी किंवा ३१६ स्टेनलेसचे इन्सर्ट (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) बसवा, आटे जाडे ठेवा. ॲक्रिलिकला स्क्रूची भोकं पाडूच नका, वरून एक रिंग लावून तिने लेन्स दाबून धरा. आणि झाकण महिनोन्‌महिने आवळून कपाटात ठेवायचं नाही, क्रीपने प्लास्टिक आणि ओ-रिंग दोन्ही त्याच आकारात बसतात, लॅच सोडून ठेवा.

पायरी ६: घेताना ओळखा, कातताना घाई नको

उरलेसुरले तुकडे विकत घेताना त्यावर नाव नसतं. नायलॉन की ॲसिटल हे घरी ओळखता येतं. पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाका, असं पाणी १.२ घनतेचं होतं. नायलॉन १.१४, तरंगतं. ॲसिटल १.४१, तळाला जातं. साध्या पाण्यातच तरंगलं तर ते पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. पीव्हीसीही १.४ चं असल्यामुळे ॲसिटलबरोबर बुडतं, पण सॉल्व्हंट सिमेंटचा थेंब टाकला की पीव्हीसी मऊ होतं आणि ॲसिटल तसंच राहतं. जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ॲसिटलची ज्योत नीट दिसत नाही आणि धुरात फॉर्मल्डिहाइड असतं, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड, दोन्ही वाईट.

टर्नरला सांगायचं ते असं: टूल एकदम धारदार, आधी अर्धा-एक मिमी जास्त ठेवून रफ कातकाम, मग जॉब रात्रभर तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गार जॉबवर फायनल माप. प्लास्टिकमध्ये आतला ताण असतो, मटेरियल काढलं की ते जरा हलतं, आणि गरम असताना घेतलेलं माप गार झाल्यावर राहत नाही. चकमध्ये (लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत) पातळ नळी जोरात आवळली तर ती तीन जागी दबते, आणि गोल कातलेला बोअर सोडल्यावर तीन कोनी निघतो. खाचेत टूलच्या गोल रेघा चालतात, आडव्या रेघा नाही, आडवा एक ओरखडा म्हणजे पाण्याला सरळ रस्ता.

ॲक्रिलिक कातल्यावर ८० डिग्रीच्या आसपास काही तास ठेवून हळूहळू थंड करा, ॲनिलिंग म्हणतात त्याला, ताण बराच निघून जातो. ताण राहिलाय का हे बघायला दोन पोलराइज्ड फिल्टर एकमेकांना आडवे धरून मध्ये लेन्स ठेवा, जिथे रंगीत पट्टे दाटलेत तिथे ताण आहे. करून बघाच, फार सुंदर दिसतं आणि आपला तुकडा कुठे दुबळा आहे ते डोळ्यांनी कळतं.

पायरी ७: केमिकल्स

ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला अल्कोहोल, ॲसिटोन, अमोनियावाला काच साफ करायचा स्प्रे, स्क्रू लॉक करायचा द्रव, काही सनस्क्रीन, डासांचं डीट असलेलं औषध, हे सगळं वर्ज्य. लगेच काही दिसत नाही, ताण असलेल्या जागी नंतर बारीक चकाकणारे तडे उमटतात. साबण आणि गोडं पाणी पुरतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा, पण ओ-रिंगच सिलिकॉनची असेल तर ते ग्रीस लावू नका, फुगते.

पायरी ८: टेस्ट, आणि आतला गॅस

आधी बॅटरी न घालता. आत टिश्यू पेपर ठेवा, वजन बांधून दोरीने खाली सोडा, ठरलेल्या खोलीच्या थोडं पुढे, अर्धा तास ठेवा, वर काढा, पुसा आणि मगच उघडा. प्रेशर पॉट (पाणी भरून दाब देता येणारं बंद भांडं) वापरणार असाल तर हाउसिंगमध्ये भरीव ठोकळे घालून आतली मोकळी जागा कमी करा, म्हणजे चपटी झाली तरी धक्का कमी बसतो. व्हॅक्यूम काढून तपासणं चांगलं आहे पण त्याचा अर्थ समजून घ्या, पूर्ण व्हॅक्यूमनेही फरक जास्तीत जास्त १ बार म्हणजे १० मीटरएवढाच पडतो, त्याने लीक कळते, ताकद कळत नाही. आणि हाउसिंगमध्ये हवा भरून बुडबुडे बघायचा प्रकार तर नकोच, प्लास्टिक आतल्या दाबाने फुटलं तर तुकडे अंगावर येतात.

बॅटरीच्या डब्याला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह लावाच. डब्यात खारं पाणी शिरलं आणि बॅटरी जोडलेली असली की विजेने पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, लेड ॲसिड आणि निकेल बॅटऱ्या चार्जिंगला स्वतःच गॅस सोडतात, लिथियम सेल बिघडला तर खूप गॅस एकदम. म्हणून डबा बंद ठेवून चार्जिंग नाही. खोलवर पाणी शिरलेला डबा वर आल्यावर आत दाब अडकलेला असू शकतो, तो उघडताना झाकण कुणाच्याही तोंडाकडे नको, एकेक लॅच सावकाश. पारदर्शक झाकण किंवा छोटी खिडकी ठेवली तर पाण्यात असतानाच आत पाणी आलेलं दिसतं, माझं मत विचाराल तर एवढ्यासाठी ॲक्रिलिकचं झाकण ठेवणं परवडतं, जाडी वरच्या हिशोबाने वाढवून.

दर सीझनच्या सुरुवातीला लेन्स उजेडात तिरकी धरून बघा आणि बोअर व्हर्नियरने एकमेकींना आडव्या अशा दोन दिशांना मोजा. बारीक तडे दिसले तर लेन्स बदला, पॉलिशने ते जात नाहीत. दोन मापांत ०.२ मिमीहून जास्त फरक आला तर डबा लंबगोल झालाय, तो आता उथळ पाण्यातल्या दिव्याला द्या आणि खोल पाण्यासाठी नवीन काता.